अंधार पडल्यावर विद्यापीठ कुणाचं?

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात रात्रीचा विद्यापीठ परिसर कशाला? सांगते. दिवसा विद्यापीठ वेळापत्रकावर चालतं. तास, हजेरी, अर्ज, शिक्के. हे सगळं थांबल्यावर काय उरतं, ते पाहिलं की विद्यापीठ मुळात कशासाठी आहे हे कळायला मदत होते.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. गणेशखिंडीतला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे. मुख्य इमारत एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळ्यातलं निवासस्थान होती. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. संध्याकाळी कार्यालयं बंद होतात, खिडक्यांपुढच्या रांगा संपतात. पण अशा परिसरात काम संपत नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी दर दोन तासांनी नोंद घेत असतं, कारण जिवाणू काही सुट्टी घेत नाहीत. वसतिगृहात प्रबंधाचं प्रकरण पाचव्यांदा लिहिलं जात असतं. आणि चहाच्या कपाभोवती असा वाद रंगतो, जो वर्गात ४५ मिनिटांत कधीच रंगला नसता.

इथे एक शब्द आठवतो. 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले' या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ फुरसत. आळस नव्हे, पोटापाण्याच्या धावपळीतून मोकळा झालेला वेळ. ॲरिस्टॉटल ज्ञानाचा संबंध या फुरसतीशी जोडतो. आपल्याकडे ती फुरसत दिवसा फारशी मिळत नाही, रात्री मिळते.

पण थांबा. ग्रीक नागरिकाची फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती. मग आपल्या रात्रीच्या फुरसतीखाली कोण आहे? फाटकावरचे रखवालदार, वीज गेली की जनरेटरकडे धावणारा वायरमन, पहाटे वर्ग उघडून झाडणाऱ्या बायका. यांतले बरेच जण हल्ली कंत्राटावर असतात. रखवालदार ग्रंथालयाच्या दारात रात्र काढतो. आतलं पुस्तक त्याला घरी नेता येतं का, हा प्रश्न आपण विचारतसुद्धा नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. ही रात्र मुलींना किती मिळते? आमच्या विद्यार्थिदशेत मुलींच्या वसतिगृहाचं दार दिवेलागणीनंतर लवकरच बंद व्हायचं. मुलांचं नाही. २०१५ मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' ही चळवळ उभी राहिली ती याच भेदाविरुद्ध. म्हणजे चाळीसेक वर्षांनीही प्रश्न तोच.

कारण कोणतं दिलं जातं? सुरक्षितता. भीती खोटी नाही. पालकांची काळजीही खोटी नाही. पण युक्तिवाद नीट तपासू या. रस्ता ओस आहे, म्हणून मुलींनी आत राहावं. मुली आत राहिल्या, म्हणून रस्ता आणखी ओस. म्हणजे उपायच रोगाला खतपाणी घालतो. जेन जेकब्ज या अमेरिकन अभ्यासक लेखिकेने १९६१ मध्ये शहरांविषयी लिहिताना दाखवलं, की रस्ता सुरक्षित होतो तो मुख्यतः तिथे असलेल्या माणसांच्या नजरेमुळे. नुसता दिवा लावून भागत नाही. दिव्याखाली माणसंही हवीत. रात्री उशिरापर्यंत उघडं कॅन्टीन, वर्दळ असलेलं वाचनालय, ओळखीचा रखवालदार, हीसुद्धा सुरक्षाव्यवस्थाच आहे.

गंमत बघा, हे नियमांतही आलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत स्पष्ट आहे, की सुरक्षिततेचं कारण पुढे करून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. मोठ्या परिसरात वसतिगृहं, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्यामध्ये भरवशाची वाहतूक हवी, म्हणजे उशिरापर्यंत काम करता येईल, असाही विचार त्यात आहे. बस सोडण्यापेक्षा कुलूप लावणं स्वस्त पडतं, एवढीच अडचण.

कुणी म्हणेल, एक-दोन तासांनी काय बिघडतं? बिघडतं. ज्या संशोधिकेला प्रयोग रात्री साडेनऊला अर्धवट सोडावा लागतो, तिचं काम मागे पडतं, आणि गुणवत्तेच्या यादीत ते कारण कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय तो चहाभोवतीचा वादही तिच्याविना होतो.

या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. १८४८ मध्ये भर दिवसा मुलींना शिकवायला निघालेल्या त्या बाईंना याच पुण्यात लोकांनी दगड-शेण मारलं होतं. तेव्हा प्रश्न होता, मुलींनी दिवसा शाळेत जावं का. तो सुटला, कारण त्या चालत राहिल्या. आता प्रश्न रात्रीचा आहे. एखाद्या विद्यापीठाची पारख करायची असेल तर मानांकन जरूर बघा. पण रात्री अकरा वाजता ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर कोण निर्धास्त चालतंय, हेही एकदा बघून या.

एवढं बोलून थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ.