ब्रेक कॅलिपर घरी बसवताना

नवा कॅलिपर बसवल्यावर पेडल स्पंजासारखे दबते, ही घरच्या कामातली सर्वांत नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच असते: आत राहिलेली हवा. ब्रेक ऑइल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. हवा काढण्याचा निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला यायला हवा. तो खाली आला असेल तर डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली आहे. मग कितीही पंपिंग केले तरी हवा वरच अडकून राहते.

नवे पॅड डिस्कवर चढत नसतील तर पिस्टन सावकाश मागे दाबावा. त्या वेळी ब्रेकच्या टाकीतले ऑइल वर चढते, ते सांडू देऊ नये, गाडीचा रंग उडतो. काही गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरलाच जोडलेला असतो. अशा कॅलिपरचा पिस्टन बहुधा फिरवूनच आत जातो, जोर लावल्यास बिघडतो.

होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर लावावेत. जुने पुन्हा वापरले की तिथून ऑइल पाझरते. एकाच बाजूचे चाक तापत असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत का, होजला पीळ पडला आहे का, ते पाहावे.

गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये, स्टँड लावावेच. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा भीमाशंकरच्या घाटात निघण्याआधी, गाडी उभी असतानाच पेडल कडक लागते का ते तपासावे. लागत नसेल तर गाडी जागची हलवू नये, मेकॅनिकलाच घरी बोलवावे.