खाऱ्या पाण्याच्या गावात सुगंधाचं यंत्र

टीव्हीच्या काळ्या पडद्यावर बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उमटते आणि बोटाला पांढरी भुकटी लागते. पुसून दोन दिवस होत नाहीत तोच ती पुन्हा हजर. बारामती-इंदापुरात अशा वेळी दोष रस्त्याच्या धुळीला दिला जातो. पण कोपऱ्यात सुगंधी तेलाचा अल्ट्रासॉनिक डिफ्युझर धुकं सोडत असेल, तर आधी त्याच्या टाकीत कुठलं पाणी ओतलंय ते बघावं.

हे यंत्र पाणी उकळत नाही. टाकीच्या तळाशी नाण्याएवढी चकती असते आणि ती सेकंदाला साधारण 17 ते 24 लाख वेळा थरथरते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. वीज दिली की स्फटिक हलतो, हा त्याचाच उलटा गुण, आणि ही चकती त्यावर चालते. पाण्याचा पृष्ठभाग फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात, छोटा पंखा ते बाहेर ढकलतो. त्यांच्याबरोबर तेल जातं आणि पाण्यात विरघळलेले क्षारही जातात. थेंब हवेत सुकला की क्षार तरंगत राहतो.

बारामती-इंदापूरच्या या नीरा खोऱ्यात ही गोष्ट किरकोळ नाही. 1880च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि शेती बागायती झाली. पण पाण्याचा निचरा न झालेली रानं खारवटत गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्यासह 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला होता. मचूळ बोअरच्या पाण्याने घागरीवर, नळाच्या तोटीवर चढणारा पांढरा थर इथल्या घरांना नवा नाही.

हिशेब सोपा आहे. दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार भारतीय मानकांना चालतात. तसं पाणी 300 मिलिलिटरच्या टाकीत भरलं, तर एका भरण्यात 600 मिलिग्रॅम क्षार खोलीत जातो. तो फर्निचरवर बसतो, तसा श्वासातही जातो. पाणी उकळून घेतल्याने ही अडचण पूर्ण सुटत नाही. आरओच्या जारचं पाणी बरं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर त्याहून बरं. चकतीवर खार धरलाच, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसला की निघतो.

डिफ्युझरच्या नेब्युलायझर या प्रकारात पाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हवेच्या झोताने निव्वळ तेल फवारलं जातं, वास दाट येतो. मात्र तेल झपाट्याने संपतं. हॉटेलच्या दालनाला हे परवडेल. दहा बाय बाराच्या खोलीत तो वास डोक्यात जातो.

उष्णतेवर चालणारा प्रकार महाराष्ट्राला सर्वांत ओळखीचा, म्हणजे आपली विजेची कापूरदाणी. वरच्या वाटीत पाणी आणि चार थेंब गवती चहाचं तेल टाकलं की काम सुरू. इथे पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार वाटीतच राहतो, त्यामुळे खाऱ्या गावात ही साधी वस्तू महागड्या यंत्रापेक्षा सरस ठरते. उणीव अशी की हलके, ताजे वास आधी उडून जातात आणि शेवटी जड वास उरतो. कापराच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून सावध राहायला हवं. रांगत्या मुलाने कापूर किंवा निलगिरीचं तेल गिळलं तर झटके येऊ शकतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर कोणताच डिफ्युझर बंद खोलीत तासन् तास चालू ठेवू नये. मांजरीचं यकृत या तेलांतली काही द्रव्यं नीट पचवू शकत नाही. टी ट्री तेल तिच्यासाठी विशेष घातक.

वेताच्या काड्यांच्या बाटलीला वीज लागत नाही, म्हणून भारनियमनाच्या गावात ती सोयीची. काड्या तेल वर ओढतात आणि ते हवेत उडतं. पण चाळिशीपार गेलेला पारा, कोरडी हवा आणि दिवसभर फिरणारा पंखा यांमुळे बाटली लवकर रिकामी होते. ती पंख्याखाली न ठेवता दाराजवळच्या कोनाड्यात ठेवावी. काड्या उलट्या केल्या की वास पुन्हा चढतो.

याच कोरड्या हवेत वाळा मात्र फार चांगला चालतो. कूलरमध्ये साध्या गवताऐवजी वाळ्याची जाळी लावली, की ओल्या मुळांमधलं तेल वाऱ्याबरोबर घरभर पसरतं. पाणी बोअरचं असलं तरी ते बाष्प होऊन जातं. उन्हाळा संपताना जाळी काढली, की घरात येऊ न शकलेला सगळा खार तिच्यावर पांढराशुभ्र बसलेला दिसतो.