पाण्यावरचे घर

कालवा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पाट येतो, भिजलेले शेत येते, पाण्याची पाळी येते. पाळीवरून झालेली भांडणेही येतात! आपला कालवा शेताला पाणी देतो. पण इंग्लंड देशात वेगळ्या जातीचे कालवे आहेत. ते नावा चालवण्यासाठी खणले आहेत. आज हजारो माणसे त्या कालव्यांवर नावेतच राहतात. चूल नावेत, अंथरूण नावेत आणि पाळलेला कुत्राही नावेतच.

चला, आपणही एक दिवस त्यांच्याबरोबर काढू.

नाव कशी असते?

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आगगाडी नव्हती. रस्ते चिखलाचे होते. खाणीतला कोळसा शहरात न्यायचा कसा? म्हणून कालवे खणले. घोडा काठावरून चाले आणि दोराने नाव ओढी. गाडीला जुंपलेला घोडा एक-दोन टन माल ओढी. तोच घोडा पाण्यावरून २५ टन माल सहज नेई. पाण्याची करामत बघा!

पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या. मालाच्या नावा बंद पडल्या. पण त्याच घाटाच्या नावा आता लोकांची घरे झाल्या आहेत. ही नाव लांबलचक आणि अरुंद असते. रुंदी ७ फूट, लांबी ७२ फुटांपर्यंत. आगगाडीचा डबाच म्हणा, पण त्याहून चिंचोळा. आता तिला घोडा नाही, डिझेलचे इंजिन आहे.

काही लोक हौसेने असे राहतात. काही जण शहरातले घर परवडत नाही म्हणून राहतात. ज्यांची नाव बांधायला कायमची जागा नसते, त्यांना एका जागी १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही. १४ दिवस झाले, की खुंट्या उपटा आणि पुढे चला. आपल्याकडच्या मेंढपाळांचा मुक्काम आठवतो, नाही का?

सकाळ

आपली नाव डिव्हायझेस नावाच्या गावाजवळ बांधलेली आहे. कालव्याचे नाव केनेट आणि एव्हन. नावेवर नवरा, बायको आणि एक कुत्रा आहे असे समजू.

सकाळी आधी कोण उठतो? कुत्रा! त्याला बाहेर जायचे असते. नावेला अंगण नाही. म्हणून त्याला काठच्या पायवाटेवर न्यावे लागते. त्याने घाण केली, तर मालक ती पिशवीत उचलतो. वाट सर्वांची आहे ना!

तोवर घरात शेगडी पेटते. थंडीत कोळसा किंवा लाकूड जाळतात. घर लहान, खिडक्या बंद. अशा जागी कोळशाचा विषारी वायू साठला तर माणूस झोपेतच दगावतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून तो साठताच मोठ्याने वाजणारे एक यंत्र नावेत बसवतात. ही गोष्ट आपणही ध्यानात ठेवावी. दारे-खिडक्या बंद करून पेटती शेगडी खोलीत ठेवून कधी झोपू नये.

मग काठावरच्या नळाने नावेतली टाकी भरायची. हे पाणी पुरवून वापरायचे. टाकी संपली, की पुढचा नळ येईपर्यंत पाणी नाही.

पाण्याचा जिना

आता नाव निघाली. वेग किती? तासाला ३-४ मैल. एकजण नाव हाकतो, दुसरा कुत्र्याला घेऊन काठाने चालतो. कित्येकदा कुत्राच नावेच्या पुढे जातो!

डिव्हायझेसच्या पश्चिमेला टेकडीचा उतार लागतो. नाव उतार कशी उतरणार? पाणी तर खाली धावून जाईल. त्यासाठी कालव्यात पायऱ्या केल्या आहेत. एकेका पायरीला लॉक म्हणतात. लॉक म्हणजे दगडा-विटांचा मोठा हौद. त्याला वरच्या बाजूला दार, खालच्या बाजूलाही दार.

आधी हौद वरच्या पाण्याइतका भरून घ्यायचा. मग वरच्या दाराने नाव आत घ्यायची आणि ते दार लावायचे. नंतर खालच्या झडपा उघडायच्या. झडप उघडायला वाकडा लोखंडी दांडा असतो. तो हाताने फिरवायचा. पाणी निघून जाते, तशी नाव हळूहळू खाली बसते. हौदातले आणि खालचे पाणी एका पातळीला आले, की खालचे दार उघडते. नाव बाहेर पडते.

इथे २ मैलांत असे २९ लॉक आहेत. २३७ फूट उतरायचे असते. गावाजवळ ६, मधल्या चढावर एका ओळीत १६ आणि पायथ्याकडे ७. हे काम १८१० साली पुरे झाले. सगळे उतरायला पाच-सहा तास लागतात. हात भरून येतात!

दोन धोके

लॉकमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट उंबऱ्याची. वरच्या दाराच्या आत दगडी उंबरा असतो. हौद भरलेला असतो तेव्हा तो पाण्याखाली दिसत नाही. नावेचे मागचे टोक त्याच्या वर राहिले आणि पाणी उतरले, तर ते टोक उंबऱ्यावर अडकते. पुढचे टोक खालीच जाते. नाव कलंडते आणि बुडते. म्हणून हाकणाऱ्याने नाव पुढे धरायची. झडपेवरच्या माणसाने नावेवर नजर ठेवायची. जरा शंका आली, तर झडप लगेच पाडायची.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. लॉकच्या भिंती सरळ आणि ओल्या असतात. कुत्रा आत पडला, तर त्याला चढून येता येत नाही. पाणी ओढ घेत असते. त्यात नाव जड, भिंतीला घासून चाललेली. पोहता येते म्हणून कुत्रा वाचेलच असे नाही. त्याला काढायला मालकाने उडी मारली, तर मालकाचाही जीव जाऊ शकतो. म्हणून लॉक आला, की शहाणी माणसे कुत्र्याला दूर बांधतात किंवा नावेच्या आत कोंडतात. एरवी त्याच्या अंगात तरंगणारे जाकीट असते. त्याच्या पाठीवर मूठ असते. पडला, तर काठावरून मूठ धरून वर ओढता येते.

दार लावून पुढे जा

आता मुख्य गोष्ट. एक लॉक एकदा रिकामा केला, की दोन लाख लिटरांच्या वर पाणी खाली जाते. एवढे पाणी आणायचे कोठून? इथे पायथ्याशी पंप आहेत. ते दिवसाला सुमारे ३ कोटी लिटर पाणी पुन्हा वर चढवू शकतात. पण पंपाला वीज लागते. म्हणून पाणी जपावे लागते.

इथले लॉक रुंद आहेत. त्यांत ७ फुटी दोन नावा शेजारी शेजारी मावतात. मागून दुसरी नाव येत असेल, तर पहिलीने थांबावे. मग एका नावेच्या पाण्यात दोन नावा उतरतात. ओळख नसली, तरी थांबतात!

आणि बाहेर पडल्यावर दार लावायचे, झडप पाडायची. हे विसरले तर काय होते? रात्रभर पाणी झिरपत राहते. सकाळी वरचा कालवा आटलेला असतो आणि कुणा तिसऱ्याच माणसाची नाव चिखलात बसलेली असते. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला. आपल्या पाटावरही असेच होत नाही का?

संध्याकाळ

पायथ्याशी नाव बांधली. आधी कुत्र्याला स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायचे. मग स्वतःचे हात साबणाने धुवायचे. कालव्याच्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते. त्यातून लेप्टोचा आजार होतो. तो आपल्याकडेही पावसाळ्यात होतो. अंगावर जखम असेल, तर अशा पाण्यात उतरू नये. कुत्र्याला या रोगाची लस देतात.

आता चूल पेटली. कुत्रा शेगडीजवळ झोपला. दिवस संपला.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हा कालवा मध्यंतरी मोडकळीला आला होता. दारे कुजली, हौद कोरडे पडले. तो कायमचा बंद करायचे चालले होते. तेव्हा १९५६ साली २०,००० च्या वर लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या. तो अर्ज त्यांनी राणीकडे धाडला, तोही नावेने! पुढे कितीतरी वर्षे लोकांनी पदरचा वेळ देऊन गाळ उपसला, भिंती बांधल्या. १९९० साली कालवा पुन्हा वाहता झाला आणि राणीच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

आपणही आता सही करायला शिकलो आहोत. सही म्हणजे नुसते नाव नव्हे. ‘हे पाणी माझेही आहे, ते मी सांभाळीन,’ असे दहा माणसांनी मिळून लिहून दिले, तर त्याला वजन येते. आणि लिहून दिल्यावर? आपल्यामागे दार लावायला विसरायचे नाही.