नवा साप घरी येतो तेव्हा

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन पाळण्याची हौस जुनी आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातले मूलही कधी असा हट्ट धरू शकते. हे दोन्ही साप बिनविषारी आणि स्वभावाने शांत. पण साप घरी आला की त्याला लगेच हातात घेणे, पाहुण्यांना दाखवणे, पहिल्याच दिवशी खायला देणे, या चुका हौसेपोटी होतात.

साप शीतरक्ती प्राणी आहे. शरीराला लागणारी ऊब तो बाहेरून घेतो आणि त्याचे पचनही त्या उबेवरच चालते. म्हणून पेटी साप येण्याआधीच तयार हवी. बॉल पायथनसाठी पेटीचे एक टोक साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २६ अंश ठेवतात. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. ती एकाच टोकाला असेल, तर सुरक्षित वाटावे म्हणून साप नको त्या तापमानातही तिथेच बसून राहतो. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजू शकतो. शिवाय ताजे पाणी आणि घट्ट बसणारे झाकण हवे.

त्यानंतर पाच ते सात दिवस सापाला हात लावू नये. फक्त पाणी बदलावे, घाण काढावी. आठवडाभराने पहिले खाणे द्यावे आणि त्यानंतर किमान ४८ तास त्याला उचलू नये. घाबरलेला किंवा गारठलेला साप गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो. नव्या जागी सापाने खाणे नाकारले, तरी लगेच घाबरू नये. मात्र वजन घटू लागले, तोंडातून फेस आला किंवा श्वासाचा आवाज येऊ लागला, तर पशुवैद्याला दाखवावे.

आता घरातल्या माणसांविषयी. धडधाकट दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून कातडीवर, पेटीवर आणि तिथून हातांवर येतात. मोठ्यांना सहसा ताप, पोटदुखी आणि जुलाब होतात. तान्ह्या बाळात हाच जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. म्हणूनच पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण घरात असतील, तर साप न पाळणेच बरे. बाळाने सापाला हात लावला नाही, एवढ्याने धोका टळत नाही. सापाला हाताळणाऱ्याचे हातही बाळापर्यंत पोचतात.

प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नये. खाण्यासाठी आणलेले गोठवलेले उंदीरही जंतुमुक्त नसतात, कारण गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. जुलाब-ताप झाल्यास घरात साप आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. नाग, धामण, अजगर यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्यांना पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरात साप निघाला, तर त्याच्यापासून लांब राहून वन विभागाला कळवावे.