विमानाच्या नाकावरची टोपी

जुन्या प्रवासी विमानांची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट सहज नजरेत भरते. काही विमानांच्या प्रोपेलरच्या मध्यभागी शंकूच्या आकाराची चकचकीत टोपी असते. काहींचा तुंबा मात्र उघडाच असतो. या टोपीला 'स्पिनर' म्हणतात. ती केवळ शोभेची वस्तू नव्हे. मागे कोणत्या जातीचे इंजिन दडले आहे, याची ती एक खूण होय.

१९३५ साली प्रथम उडालेले डग्लस डीसी-३ घ्या. याच्याच लष्करी भावंडाला आपण 'डाकोटा' म्हणून ओळखतो. डीसी-३ ला दोन प्रकारची इंजिने बसत : ९ सिलिंडरांचे राइट सायक्लोन किंवा १४ सिलिंडरांचे प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प. दोहोंतही सिलिंडर बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे गोलाकार मांडलेले असतात आणि समोरून येणारा वाराच त्यांना थंड ठेवतो. तोंडावर मोठी टोपी घातली तर त्या वाऱ्याची वाटच अडायची! म्हणून डाकोटाचा तुंबा उघडा.

आता डीसी-४ कडे वळू. त्याचीही इंजिने अशीच वाऱ्याने थंड होणारी होती. पण कॅनडातील कॅनडेअर कंपनीने बव्हंशी तोच सांगाडा घेऊन त्यावर रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिने चढविली आणि १९४६ साली 'नॉर्थ स्टार' विमान उडविले. मर्लिन हे स्पिटफायर या लढाऊ विमानाचे इंजिन. त्याचे १२ सिलिंडर सहा-सहांच्या दोन रांगांत असतात. त्यांना थंड करते ते आत फिरणारे द्रव. त्यामुळे नाक निमुळते झाले आणि त्यावर टोपी शोभून दिसली. विमान डीसी-४ पेक्षा वेगवानही ठरले. परंतु धुराड्यांचा कर्कश आवाज थेट प्रवाशांच्या कानांवर आदळू लागला. अखेर आतल्या बाजूचा धूर नळ्यांनी बाहेरच्या बाजूस वळवावा लागला. देखणेपणाची किंमत अशी कानांनी मोजावी लागली!

१९४८ साली उडालेल्या व्हायकाउंट विमानाने तिसरा मार्ग दाखविला. त्याच्या डार्ट टर्बाइन इंजिनात हवा टोपीच्या सभोवतालच्या कडीसारख्या फटीतून आत शिरते. येथे टोपी वाट अडवीत नाही, उलट वाट दाखविते. वरखाली धावणारे दट्टे नसल्याने हादरेही कमी. १९५७ साली इंडियन एअरलाइन्सनेही ही विमाने घेतली.

अर्थात, नंतरच्या काही गोलाकार इंजिनांवरही लहान टोप्या आढळतात. तेव्हा टोपीबरोबर नाकाची ठेवणही पाहावी.

नॉर्थ स्टारपैकी आज एकच विमान उरले आहे. ते ओटावा येथील संग्रहालयात आहे. त्याचे नाक डीसी-४ च्या नाकाशेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट मनोमन पटते : यंत्राचे रूप त्याच्या कामातून घडते. कोणताही आकार पाहून 'किती सुंदर!' असे म्हणण्याबरोबरच 'हा असाच का?' असेही विचारावयास आपण शिकले पाहिजे.