वर्गाचे दार उघडले, मैदानाचे काय?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेची शेवटची घंटा वाजली की मुलींची पावले फाटकाकडे वळतात. मानव विकास कार्यक्रमातील निळी बस गाठायची असते. खेड्यापाड्यांतील मुलींची शाळेत मोफत ने-आण करणाऱ्या या बसने अनेक घरांतील मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पलीकडे नेले, हे निर्विवाद आहे. परंतु खो-खो वा कबड्डीचा सरावही याच घंटेनंतर सुरू होतो. सरावाला थांबावे तर बस चुकते, बस धरावी तर सराव बुडतो. मुलाला हा पेच सहसा पडत नाही; तो कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून दिवेलागणीनंतरही घरी पोहोचतो. मुलीला खेळायला कोणी मनाई केलेली नसते आणि तरीही तिचा खेळ सुटतो.

शिक्षणातील स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचे आपले कायदे या कसोटीवर पाहिले पाहिजेत. राज्यघटनेच्या कलम १५ (१) ने लिंगाच्या कारणावरून नागरिकांत भेदभाव करण्यास शासनाला बंदी केली. कलम १५ (३) ने तर स्त्रिया व बालके यांच्यासाठी खास तरतूद करण्याची मुभाही दिली. मात्र शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांतील प्रवेशाविषयी जे कलम २९ (२) आहे, त्यात धर्म, वंश, जात आणि भाषा एवढीच कारणे नमूद आहेत. लिंगाचा उल्लेख तेथे नाही. या उणिवेचे परिणाम लवकरच दिसले. हुगळी येथील महाविद्यालयात प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण १९५२ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा मुलींसाठी वेगळ्या महाविद्यालयाची योजना असल्याच्या आधारावर तिला दाद मिळाली नाही.

महाराष्ट्रात शाळेचे दार उघडले ते मुख्यतः योजनांमुळे. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ झाले, ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळाला आणि २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्कही माफ झाले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असे बंधन घातले. परंतु त्या क्रीडांगणावर कोण खेळते, हे पाहण्याची तरतूद त्यात नाही. शिवाय हा कायदा चौदा वर्षे वयापर्यंतचा. मुलीच्या येण्याजाण्यावर घरची नजर जेव्हा कडक होते, नेमके त्याच वयात कायद्याचा हात सुटतो.

अमेरिकेने १९७२ साली वेगळी वाट धरली. 'टायटल नाइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या कायद्याने, संघराज्याचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगभेद चालणार नाही, असे ठरवले. मूळ शब्दांत खेळाचा उल्लेख नव्हता. १९७५ च्या नियमांनी सराव, साधने व प्रशिक्षण यांच्या संधीही त्यात स्पष्टपणे आणल्या. कायदा झाला त्या सुमारास तेथील माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आसपास होत्या. २०१८-१९ मध्ये ती संख्या चौतीस लाखांच्या घरात गेली. तो समाज एका रात्रीत उदार झाला असे नव्हे. संस्थाचालकांना अनुदान हवे होते आणि अनुदानाला अट जोडलेली होती, हे त्यामागचे मोठे कारण होय.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या मुलींना खेळाची आवडच कमी. मराठवाड्याचा अनुभव याच्या उलट आहे. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती आणि २०२० साली ती अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. हिंगोलीची माती काही वेगळी नाही. फरक पडतो तो सरावाच्या तासांमुळे. सोयाबीनची काढणी आणि शालेय स्पर्धांचा हंगाम जवळपास एकाच वेळी येतो. तेव्हा घरी धाकट्यांना कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मुलगीच असते.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. दहावी-बारावीच्या निकालात क्रीडागुणांची भर पडते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत तर धावण्याची चाचणी मुलींनाही द्यावी लागते. ज्या मुलीला शाळेत मैदान मिळाले नाही, तिच्यापुढे ही दारे कागदोपत्रीच उघडी राहतात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मुलींचा सराव शेवटच्या घंटेनंतर न ठेवता वेळापत्रकातच बसवावा. ते शक्य नसेल तेथे आठवड्यातून दोन दिवस तरी निळी बस तासभर उशिरा सोडावी. वार्षिक तपासणीत शाळेला मैदान आहे काय, एवढेच न विचारता त्या वर्षी किती मुली नियमित खेळल्या, हेही विचारावे आणि अनुदानाच्या अटींत त्या उत्तराला स्थान द्यावे. कलम १५ (३) चा आधार असताना यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापक, आगारप्रमुख आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांनी एकदा एकत्र बसून वेळापत्रके जुळवली, तरी पुढच्या हंगामात सेनगावच्या मुलींना बस आणि सराव यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.