कावेरीच्या महसीराचा ऱ्हास : दोष कोणाचा?

नदींतील मासे कमी झाले म्हणजे जो तो आपापला आरोपी पुढें करतो. कोणी धरणाकडे बोट दाखवितो, कोणी सांडपाण्याकडे, कोणी सुरुंगानें मासे मारणाऱ्यांकडे. आरोप करणें सोपें, पुरावा तोलणें अवघड. कॅनडांतील फ्रेझर नदींत २००९ सालीं १ कोटीहून अधिक सामन मासे परततील असा अंदाज होता. आले सुमारें १५ लाख. सरकारनें चौकशी बसविली. ती चालू असतांनाच, २०१० सालीं, जवळजवळ ३ कोटी मासे परतले! २०१२ च्या अहवालांत एकच एक अपराधी दाखवितां आला नाहीं, यांत नवल तें काय?

आपल्याकडील असें प्रकरण कावेरी नदीचें आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा हात आहे.

कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळामुठेंतील ज्या महसीराचें वर्णन प्रसिद्ध केलें, तो निळसर परांचा. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडींत महसीर वरदायिनी देवीचे म्हणून राखले जातात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत या जातीचीं पिलें कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागलीं, आणि इतर प्रांतांप्रमाणें कावेरींतही सोडण्यांत आलीं. हेतु चांगलाच होता.

कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा. नारिंगी परांचा, पाठीस उंचवटा असलेला. १९४६ सालीं म्हैसूरकडे १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. कृष्णराजसागर आणि मेट्टूर हीं धरणें त्याआधींचीं. तेव्हां केवळ धरणांनीं हा मासा तत्काळ संपविला असें म्हणतां येत नाहीं. परंतु दीर्घायुषी प्राण्यावरील आघात उशिरां दिसतो, म्हणून धरणांस निर्दोषही ठरवूं नये.

खरा उजेड पडला तो गलीबोर येथील गळकऱ्यांच्या वह्यांतून. तेथें मासा धरून, तोलून, पुन्हां पाण्यांत सोडीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या २३,००० हून अधिक तासांची व सुमारें ६,००० माशांची ही नोंद २०१५ सालीं अभ्यासकांनीं मांडली. गळाला लागतील तेच मासे मोजले जातात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जागा एकच व तासांचा हिशेब ठेवलेला, म्हणून तुलना करतां येते. एकंदर महसीर वाढले होते. उंच पाठीचे मात्र घटत गेले, आणि जे सांपडत ते वर्षागणिक अधिकाधिक वजनाचे. घरांत आजोबा-आजी आहेत, पाळणा मात्र हलत नाहीं, असा हा प्रकार!

आतां पहा. विष किंवा सुरुंग जातिभेद पाळीत नाहीं. त्यानें दोन्ही जाती घटल्या असत्या. एकाच पाण्यांत, एकाच संरक्षणाखालीं एक वाढते व दुसरीचीं पिलेंच दिसत नाहींत, तेव्हां संशय पाहुण्यावर जातो. तो अन्न हिरावून घेतो, पिलें खातो, कीं संकर घडवितो, याचा निवाडा या वह्या करूं शकत नाहींत.

या उंच पाठीच्या माशाचें शास्त्रीय नांव, टॉर रेमादेवी, २०१८ सालीं निश्चित झालें. त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मुळामुठेच्या महसीराचें नांव मात्र आंतरराष्ट्रीय यादींत संकटग्रस्तांतून काढण्यांत आलें आहे.